काचबिंदु आणि रोजचा एक थेंब

मराठी भाषेनें डोळ्यांच्या दोन विकारांस सख्ख्या भावंडांसारखीं नांवें दिलीं आहेत. एकाचें नांव मोतीबिंदु, दुसऱ्याचें काचबिंदु. नांवांच्या या साम्यामुळें पुष्कळ घरांतून दोन्ही विकारांस एकच न्याय लावला जातो. वडील माणसास अंधुक दिसूं लागलें, कीं "पिकूं द्या, मग काढून घेऊं," असें म्हणण्याची रीत पूर्वापार चालत आलेली आहे. मोतीबिंदूंत डोळ्यांतील भिंग गढूळ झालेलें असतें. तें शस्त्रक्रियेनें काढून दुसरें बसविलें, कीं बहुधा दृष्टि परत येते, आणि वाट पाहण्यांत गेलेला काळ बहुतेक वेळां भरून निघतो. काचबिंदूंत पिकण्यासारखें कांहींच नसतें. तेथें वाट पाहणें म्हणजे जवळ आहे तें घालविणें होय. आणि जें एकदां गेलें तें चष्म्यानें, औषधानें किंवा शस्त्रक्रियेनें परत मिळत नाहीं.

या दुसऱ्या विकारावरील सर्वांत प्रचलित उपाय दिसावयास अगदीं क्षुल्लक आहे. बोटभर उंचीची एक कुपी, आणि तींतून रोज डोळ्यांत पडणारा एक थेंब. हा थेंब गेलेली दृष्टि परत आणीत नाहीं, उरलेली राखतो. त्याचें सारें महत्त्व आणि त्याच्या वाटेंतील सारी अडचण या एका वाक्यांत सांठलेली आहे. ती नीट समजण्यासाठीं डोळ्याच्या आंत काय घडतें हें प्रथम पाहिलें पाहिजे.

वर्धा जिल्ह्याच्या वायव्य टोंकास आष्टी हें तालुक्याचें गांव आहे. १६ ऑगस्ट १९४२ रोजीं तेथें झालेल्या उठावामुळें आणि हुतात्म्यांमुळें महाराष्ट्रास तें ठाऊक आहे. गांवाच्या पश्चिमेस कांहीं अंतरावरून वर्धा नदी वाहते, आणि मोर्शी तालुक्यांतील सिंभोरा येथें तिच्यावर ऊर्ध्व वर्धा धरण बांधलेलें आहे. या भागांतील शेतकऱ्यास धरणाचा हिशेब समजावून सांगावा लागत नाहीं. वरून येणारें पाणी आणि दरवाजांतून सोडलेलें पाणी यांचा मेळ बसला, कीं जलाशयाची पातळी स्थिर राहते. येणारें तितकेंच राहून जाणारें कमी झालें, कीं पातळी चढूं लागते.

डोळ्याचा कारभार असाच आहे. बाहुलीभोंवतीं जो रंगीत पडदा दिसतो, त्याच्या मागील बाजूस एक स्वच्छ द्रव अहोरात्र तयार होत असतो. हे अश्रु नव्हेत. अश्रु डोळ्याच्या बाहेर असतात, हा द्रव आंत असतो. भिंगास आणि डोळ्याच्या समोरील पारदर्शक पटलास रक्तवाहिन्या नाहींत. त्यांचें पोषण हा द्रव करतो. त्याचें प्रमाण फार थोडें आहे. दर मिनिटास सुमारें २ ते २॥ मायक्रोलिटर द्रव तयार होतो, म्हणजे एक मिलिलिटर भरावयास सुमारें सात तास लागतात. तो बाहुलींतून पुढें येतो आणि रंगीत पडदा व पारदर्शक पटल यांच्या सांध्यांतील एका बारीक चाळणींतून रक्तांत निघून जातो. चाळणी मोकळी असेल, तर आंतील दाब साधारणतः पाऱ्याच्या १० ते २१ मिलिमीटरांच्या दरम्यान राहतो. वयोमानानें किंवा अन्य कारणानें ती तुंबली, म्हणजे दाब चढतो.

धरण भरलें तर भिंतीवर भार पडतो. डोळ्यांत हा भार पडतो तो मागील बाजूस, जेथून दृष्टीची नस मेंदूकडे निघते तेथें. या नसेंत दहा-बारा लाख सूक्ष्म तंतु असतात. दाबाखालीं ते एकेक करून मरतात आणि मेलेला तंतु पुन्हां उगवत नाहीं. त्यांतही क्रम असा, कीं प्रथम बाजूची नजर जाते आणि समोरची शेवटपर्यंत टिकते. त्यामुळें रोगी वर्तमानपत्र वाचतो, सुईंत दोरा ओवतो, दूरची पाटी ओळखतो, आणि आपली नजर शाबूत आहे असें समजतो. दाराची चौकट खांद्यास लागते, उंबरठ्यावर ठेंच लागते, बाजूनें आलेली सायकल एकाएकीं पुढें उभी राहते. परंतु या गोष्टी वयाच्या माथीं मारल्या जातात. एका डोळ्यांतील उणीव दुसरा डोळा झांकतो. दुखत कांहींच नाहीं. दक्षिण भारतांत झालेल्या पाहण्यांमध्यें काचबिंदु आढळलेल्या दहा माणसांपैकीं नवांहून अधिक जणांस त्याची आधीं कल्पनाही नव्हती, यांत म्हणूनच नवल नाहीं.

येथें एक गोष्ट विसरतां कामा नये. दाबाचा आंकडा हा रोगाचा एकमेव साक्षीदार नव्हे. कांहीं माणसांची नस अगदीं साधारण दाबाखालींही झिजते, आणि कांहींची चढ्या दाबाखालीं वर्षानुवर्षें टिकते. विदर्भांतील लोकांच्या डोळ्यांविषयीं एक मोठी पाहणी झालेली आहे. नागपूर जिल्ह्याच्या ग्रामीण भागांत २००६ ते २००८ या काळांत ३० वर्षांवरील ४७११ स्त्रीपुरुषांचे डोळे तपासण्यांत आले. त्यांचा सरासरी दाब पाऱ्याच्या १३॥ मिलिमीटरांच्या आसपास भरला. सरासरीच जेथें इतकी आहे, तेथें "एकवीसच्या आंत आहे, चिंता नको," एवढ्यावर समाधान मानणें बरोबर नाहीं. दाबाबरोबर नसेची आणि बाजूच्या नजरेची तपासणी झालीच पाहिजे.

काचबिंदूचा दुसरा एक प्रकार मात्र मुकाट्यानें येत नाहीं. चाळणीची वाट एकाएकीं बंद होते आणि दाब तासाभरांत भयंकर चढतो. डोळा लाल होतो, डोक्याची एक बाजू फुटूं लागते, ओकाऱ्या होतात, दिव्याभोंवतीं रंगीत कडीं दिसतात. सुश्रुतसंहितेंत अधिमंथ या नांवानें ज्या नेत्ररोगाचें वर्णन आहे, तो बहुधा हाच असावा असें अनेक विद्वानांचें मत आहे. रवीनें ताक घुसळावें त्याप्रमाणें डोळा आणि अर्धें डोकें घुसळलें जातें, अशी त्या नांवामागील कल्पना आहे. अशा रोग्यास अर्धशिशी किंवा पित्त समजून घरीं निजवून ठेवणें अत्यंत घातक होय. त्यास त्याच दिवशीं इस्पितळांत पोंचविलें पाहिजे.

आतां थेंबांकडे वळतां येईल. त्यांचा इतिहास दीडशें वर्षांचा आहे. १८५१ सालीं हेल्महोल्ट्झ या जर्मन शास्त्रज्ञानें डोळ्याचा आंतील भाग पाहण्याचें यंत्र तयार केलें आणि जिवंत माणसाची दृष्टीची नस प्रथमच डॉक्टरांच्या नजरेस पडली. १८५७ सालीं बर्लिनच्या फॉन ग्रॅफे यानें रंगीत पडद्याचा तुकडा कापून काढण्याची शस्त्रक्रिया काचबिंदूवर सांगितली. पहिला उपाय हा असा शस्त्राचा होता. पुढें १८७६ सालीं स्ट्रासबुर्ग येथील लुडविग लाक्वेर या नेत्रवैद्यानें पश्चिम आफ्रिकेंतील कॅलाबार नांवाच्या शेंगेच्या बियांतील अर्क वापरून दाब उतरविला. ही बी मूळची विषारी. अपराध्याची परीक्षा घेण्यासाठीं तिचा काढा त्या देशांत पाजीत असत. लाक्वेर स्वतःच काचबिंदूचा रोगी होता, आणि आपल्या डोळ्यांवरही त्यानें हें औषध वापरलें. त्याच सुमारास ब्राझीलमधील जाबोरांदी या झुडपाच्या पानांतून पायलोकार्पिन हें द्रव्य निघालें, आणि पुढें जवळजवळ शंभर वर्षें तेंच काचबिंदूचें मुख्य औषध होतें.

पायलोकार्पिननें दाब उतरे. परंतु तें दिवसांतून चार वेळां घालावें लागे. बाहुली टांचणीच्या टोंकाएवढी होई, भुंवया दुखत, तिन्हीसांजेस अंधारून येई. १९७८ सालीं अमेरिकेंत टिमोलॉलच्या थेंबांस मान्यता मिळाली. हे दिवसांतून एकदां किंवा दोनदां पुरतात आणि बाहुलीस धक्का लावीत नाहींत. १९९६ सालीं लॅटॅनोप्रॉस्ट आलें. प्रॉस्टाग्लॅंडिन या वर्गांतील द्रव्यें डोळ्याचा दाब उतरवूं शकतात हें हंगेरींतून अमेरिकेंत गेलेल्या लास्लो बितो या संशोधकानें दाखविलें होतें. त्यांतून निघालेला हा थेंब रात्रीं एकदां घातला म्हणजे पुरे. जागतिक आरोग्य संघटनेच्या आवश्यक औषधांच्या यादींत टिमोलॉल व लॅटॅनोप्रॉस्ट हीं दोन्ही औषधें आहेत. चारांवरून एकावर येण्याचा हा प्रवास केवळ सोयीचा नव्हे. जें औषध जन्मभर घ्यावयाचें आहे, तें जितक्या कमी वेळां घ्यावें लागेल, तितकें तें नेमानें घेतलें जाण्याचा संभव अधिक.

हीं सारीं औषधें धरणाच्या हिशेबानें दोन बाजूंस मांडतां येतात. टिमोलॉल, डॉर्झोलामाइड, ब्रिन्झोलामाइड हीं येणारें पाणी कमी करतात. पायलोकार्पिन तुंबलेल्या चाळणीची वाट रुंद करतें. लॅटॅनोप्रॉस्ट, बायमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट हीं मुख्यतः बाजूची दुसरी वाट मोकळी करतात. ब्रिमोनिडिन दोन्ही बाजूंस थोडें थोडें काम करतें. प्रत्येकाचा कांहीं जाच आहे. लॅटॅनोप्रॉस्टनें डोळे किंचित् लाल होतात, पापण्यांचे केंस वाढतात, पापण्यांची कातडी सांवळी पडते. टिमोलॉलचा जाच अधिक गंभीर आहे. डोळ्यांतून तें नाकांत आणि तेथून रक्तांत जातें. म्हणून दम्याच्या रोग्यास किंवा ज्याची नाडी फार मंद चालते त्यास तें देऊं नये. डोळ्याच्या डॉक्टरांस आपल्या छातीची तक्रार सांगण्याचें कारण काय, असें रोग्यास वाटतें. कारण हें आहे.

थेंबांचा उपयोग खरोखर होतो काय, ही शंका रास्त आहे आणि तिचें उत्तर मिळालेलें आहे. अमेरिकेंत १६३६ माणसांवर एक मोठा प्रयोग झाला व त्याचे निष्कर्ष २००२ सालीं प्रसिद्ध झाले. या सर्वांच्या डोळ्यांचा दाब चढलेला होता, परंतु नस अजून शाबूत होती. निम्म्यांस थेंब दिले, निम्म्यांवर केवळ नजर ठेवली. पांच वर्षांत थेंब न घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ९॥ जणांस काचबिंदु झाला. घेणाऱ्यांपैकीं शेंकडा ४.४ जणांस. म्हणजे थेंबांनीं धोका निम्म्याहून खालीं आणला. तो शून्यावर आला नाहीं, हेंही त्याच आंकड्यांत आहे, आणि म्हणूनच थेंब चालू असतांही तपासणी चुकवून चालत नाहीं.

अडचण विज्ञानाच्या बाजूस राहिलेली नाहीं. ती घराच्या बाजूस आहे. आष्टीसारख्या गांवांतील एखाद्या संत्र्याच्या बागाइतदाराचें उदाहरण कल्पावें. वय पांसष्टीचें. चष्म्याचा नंबर काढावयास तो सेवाग्रामच्या कस्तुरबा रुग्णालयांत किंवा सावंगी मेघे येथील आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालयांत जातो, आणि तेथें त्यास काचबिंदु असल्याचें कळतें. थेंब लिहून मिळतात. महिनाभर तो ते नेमानें घालतो. दिसण्यांत तिळमात्र फरक पडत नाहीं. उलट डोळे चुरचुरतात. कुपी संपते. बहराचे दिवस असतात, औषधास पैसे लागतात, तळेगांव व आर्वीवरून वर्ध्यास जाऊन येण्यांत दिवस मोडतो. ज्या औषधानें कांहीं बरें वाटत नाहीं आणि जें सोडल्यानें कांहीं वाईट वाटत नाहीं, तें सोडून देण्यांत त्यास शहाणपणच दिसतें. या मनुष्यास अडाणी म्हणणें अन्यायाचें होईल. तापाचें औषध ताप उतरवून आपली साक्ष देतें. या थेंबाची साक्ष म्हणजे कांहींही न घडणें. अशी साक्ष पटण्यास कोणीतरी ती आधीं समजावून सांगितलेली असावी लागते.

१९७६ सालीं सुरू झालेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमानें मोतीबिंदूच्या शस्त्रक्रिया खेड्यापाड्यांतील माणसांच्या आटोक्यांत आणल्या, हें मोठें काम होय. परंतु मोतीबिंदूचें काम एका शस्त्रक्रियेनें संपतें. काचबिंदूचें एका दिवसानें संपत नाहीं. तेथें डॉक्टर वर्षांतून दोन-तीन वेळां भेटतात. उरलेले सारे दिवस घरचीं माणसेंच वैद्य असतात.

त्यांनीं करावयाच्या गोष्टी साध्या आहेत. हात धुवावे. मान मागें करून खालची पापणी बोटानें ओढावी, म्हणजे तेथें लहानशी खोलगट जागा तयार होते. तींत एकच थेंब सोडावा. कुपीचें टोंक पापणीस किंवा बोटास लागूं देऊं नये. नंतर डोळा मिटून नाकाजवळील कोपरा बोटानें दोन मिनिटें हलकेच दाबून धरावा. त्यामुळें औषध नाकांत न उतरतां डोळ्यांतच राहतें आणि छातीस होणारा अपाय टळतो. डोळ्यांत एका थेंबाहून अधिक औषध मावत नाहीं. दुसरा थेंब गालावर येतो. लॅटॅनोप्रॉस्टच्या २॥ मिलिलिटरच्या कुपींत सुमारें ८० थेंब असतात, म्हणजे एकेक थेंब घातल्यास दोन्ही डोळ्यांस महिना सहज निघतो; दोन-दोन घातल्यास निम्म्यावर संपते. दोन निरनिराळीं औषधें असतील, तर मध्यें निदान पांच मिनिटें जाऊं द्यावीं. हात कांपत असतील, तर घरांतील दुसऱ्या माणसानें थेंब घालावा.

विदर्भांत आणखी एक शत्रु आहे, तो म्हणजे उन्हाळा. लॅटॅनोप्रॉस्टच्या नेहमींच्या कुप्या फोडण्यापूर्वीं २ ते ८ अंश उष्णतेंत ठेवाव्या लागतात, आणि फोडल्यावर २५ अंशांच्या आंत सहा आठवडे टिकतात. वैशाखांत जेथें पारा ४५ अंशांच्या आसपास जातो, तेथें ज्या घरीं फ्रिज नाहीं त्या घरानें ही गोष्ट डॉक्टरांस स्पष्ट सांगावी. माठाशेजारची जागा गार असते, परंतु ती आठ अंशांवर येत नाहीं. बायमॅटोप्रॉस्ट, ट्रॅव्होप्रॉस्ट, टिमोलॉल यांस फ्रिजची गरज नसते, आणि लॅटॅनोप्रॉस्टच्याही फ्रिजशिवाय टिकणाऱ्या कुप्या मिळतात. वेष्टनावरील सूचना वाचून घ्यावी. मात्र कोणतीही कुपी एस. टी.च्या खिडकींत, मोटारसायकलच्या पेटींत किंवा सदऱ्याच्या खिशांत उन्हांत तापूं देऊं नये. कुपी फोडली ती तारीख तिच्यावर लिहून ठेवावी.

एका औषधापासून उलट सावध राहिलें पाहिजे. डोळे लाल झाले, खाज सुटली, कीं दुकानांतून परस्पर थेंब आणण्याची पुष्कळांस संवय असते. त्यांपैकीं कित्येकांत स्टिरॉइड असतें. त्यानें लाली लगेच जाते, म्हणून तेंच पुन्हां पुन्हां आणलें जातें. आणि महिनोन्‌महिने वापरल्यास तेंच औषध डोळ्याचा दाब चढवितें. दर उन्हाळ्यांत डोळे चोळणाऱ्या मुलांच्या बाबतींत आईबापांनीं हें विशेष ध्यानांत ठेवावें. शेजाऱ्याचे काचबिंदूचे थेंब उसने आणून घालणेंही तितकेंच चुकीचें होय.

आणि एक गोष्ट सर्वांत महत्त्वाची. तपासणीची तारीख जवळ आली, कीं पुष्कळ रोगी आधींचे दोन-चार दिवस नेमानें थेंब घालतात. इस्पितळांत दाब उतरलेला दिसतो. डॉक्टर समाधान मानतात. परंतु पुढील तपासणींत नस अधिकच झिजलेली आढळते. मग त्यांस वाटतें, कीं इतका कमी दाबही या डोळ्यास सोसत नाहीं. आणि ते दुसरें औषध जोडतात. जेथें एक थेंब पडत नव्हता, तेथें आतां दोन लिहिले जातात, खर्च वाढतो आणि दोन्ही पडत नाहींत. येथें रोगी खोटें बोलतो असें नाहीं. वडीलधाऱ्या माणसासमोर चूक कबूल करण्याचा त्यास संकोच वाटतो. त्या संकोचाची किंमत मात्र नजरेनें द्यावी लागते. थेंब चुकले असतील, तर तसें सांगावें. औषध परवडत नसेल, तर तसें सांगावें. रोज घालणें जमण्यासारखेंच नसेल, तर तेंही सांगावें; कारण थेंब हा एकच मार्ग नाहीं. चाळणीवर लेसरचे किरण टाकून दाब उतरवितां येतो, आणि २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या इंग्लंडांतील एका मोठ्या प्रयोगांत आरंभापासून लेसर वापरलेल्या रोग्यांची स्थिति थेंब घेणाऱ्यांच्या तोडीची राहिली. पाण्यास नवी वाट करून देणारी शस्त्रक्रिया आहे. परंतु हे मार्ग सुचविण्यासाठीं खरी स्थिति डॉक्टरांच्या कानांवर आली पाहिजे.

आईबाप किंवा भावंडें यांपैकीं कोणास काचबिंदु असल्यास चाळिशीनंतर घरांतील प्रत्येकानें दरसाल डोळे तपासून घ्यावे. हा विकार घराण्यांत उतरतो. शहरांत शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या मुलामुलींनीं सुटीस गांवीं गेल्यावर वडिलांच्या कपाटांतील कुपी उचलून तिच्यावरील तारीख पाहावी. रोजच्या थेंबास एखाद्या ठरलेल्या गोष्टीची जोड दिली, तर तो चुकत नाहीं. रात्रींचें जेवण आटोपून अंथरुणें पडतात, त्या वेळेस नातवंडानें कुपी घेऊन यावें आणि "आजोबा, मान वर करा," असें म्हणावें. ज्या घरीं हा क्रम पडला, तेथील आजोबांस अमुक दिवशीं आपली नजर वांचली असें कधींच सांगतां येणार नाहीं. दहा वर्षांनींही दाराची चौकट खांद्यास न लागतां ते अंगणांत येतील, एवढेंच.